खोटं दुखणं

सकाळी नऊ ते एक मी मिसेस पॅटरसन असते.
वय एकसष्ट. उजव्या कुशीत दुखतंय, तीन दिवस झाले.
नवरा आहे, मांजर आहे, पेनिसिलीन चालत नाही.
दर आठ मिनिटांनी घंटा होते, पडदा सरकतो,
हातांना जेल चोळत एक नवं पोर आत येतं
आणि माझं दुखणं परत पहिल्यापासून सुरू होतं.

संडरलँडला, नदी समुद्राला मिळते त्या अंगाला कॉलेज.
खोटा पेशंट होण्याचे तासाला अठरा पौंड, सँडविच वेगळं.
बस डेपोत एकतीस वर्षं मी तिकिटांचे हिशेब केले.
तिथे खरंच दुखायचं,
पण त्याचे पैसे नव्हते.

"एक ते दहामध्ये किती दुखतंय?"
सगळे हेच विचारतात. मी सात म्हणते,
माझ्या कागदावर सात लिहिलंय.
"ऐकून वाईट वाटलं," म्हणतात. त्याला एक मार्क.
म्हणताना माझ्याकडे बघितलं तर आणखी अर्धा.

यंदा अभ्यासक्रम बदलला.
पोरं पहिल्याच वर्षी सहा आठवडे
पुसणाऱ्या, भरवणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या
बायकांच्या हाताखाली. रात्रपाळीसुद्धा.
एक म्हातारे प्रोफेसर चिडून सोडून गेले:
मूत्रपिंड कळलं नाही तर
नुसती माया काय चाटायची?
त्यांचंही खोटं नव्हतं.

आणि आम्हा खोट्या पेशंटांना समितीवर घेतलं.
डॉक्टर फेनविक बाईंनी विचारलं,
मार्कांच्या कागदात काय कमी आहे?
मी म्हटलं, शब्द.
सात म्हणजे काय? सात नंबरची तर बस असते.
कळ येते, जाते, परत येते.
ठणका जात नाही, घड्याळासारखा चालू राहतो.
ठसठस पिकत आलेल्या गळवाची,
चमक वाकताना भरते,
कसकस ताप यायच्या आदल्या रात्रीची,
पोटात मुरडा, हाताला रग, पायाला मुंग्या,
दात तर दुखतही नाहीत नुसते, आंबतात.
आणि सल.
तो कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

बैठक लिहून घेणाऱ्या पोरीने
ठसठसचं स्पेलिंग विचारलं.
बाकीचे चहाकडे बघत होते.
शेवटी एक नवा रकाना आला,
'दुखणं ऐकून घेतलं का?', दोन मार्क.
मराठीतला एकही शब्द आला नाही. ठीक आहे.

मे महिन्यात कीरन चार्लटन आला.
कानाच्या पाळ्या लाल, बॅज उलटा.
स्टूल ओढलं, माझ्यापेक्षा खाली बसला.
आकडा विचारला नाही.
"कसं दुखतं? येऊन जातं, की मुक्कामाला असतं?"
मी कुशीवर हात नेला,
तो म्हणाला, "आणि खांद्याचं?
मी आल्यापासून तुम्ही डावा खांदा धरलाय."

खांदा कागदावर नव्हता.
मिसेस पॅटरसनला खांदाच नव्हता.
"ठणकतो," मी म्हटलं. मराठीत. चुकून.
त्याला कळलं नसणार, पण तो थांबला,
कळल्याशिवाय थांबला,
आणि घंटा झाली.

पेनिसिलीन त्याने विचारलंच नाही.
मिसेस पॅटरसन मेली असती त्याच्या हातून.
त्या ओळीत मी शून्य दिला,
पेन जरा जास्तच दाबून.
खाली नव्या रकान्यात दोन.
बेरीज केली, डेपोतली सवय, दोनदा.
अर्ध्या मार्काने नापास.

जुलैत परत बसेल म्हणतात.
मी त्या आठवड्याला नाव दिलंय.
मधल्या काळात खऱ्या डॉक्टरकडे जाऊन आले,
खऱ्या खांद्यासाठी.
दारातच उभं राहून, स्क्रीनकडे बघत त्याने विचारलं,
"एक ते दहामध्ये?"
"आधी बसा," मी म्हटलं.